कंपासची टोच

ओतीव लोखंडाचं एक झाकण. त्याला भोक. भोकातून तेल वर येतंय, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं.

—

"अगं, पावसाळा लागला का? एवढे ढग कशाला?"

—

चहाच्या कपाच्या बुडाचा गोल डाग एका नकाशात तळं म्हणून गेला होता. त्या तळ्याला कुंपण कुठून घालायचं यावर बैठक बसली, तेव्हा कुठे कळलं.

—

"ताई, भाऊजींना सांग, मीठ त्यांच्या नाकासमोरच आहे."

—

कारखान्यातलं नवं यंत्र प्रश्न विचारत नाही. विकणारे हे त्याचं कौतुक म्हणून सांगतात.

—

उजवा डोळा मिटला तर जग दुधात. डावा मिटला तर पाणी घातलेल्या दुधात.

—

एकाच दारातून दोन माणसं कामाला निघतात. एक रस्त्याच्या या कडेने, दुसरं त्या कडेने. दोघांना जायचंय एकाच जिन्याने वर.

—

हे सगळे तुकडे एकाच माणसाच्या गोष्टीचे आहेत. आता त्याला समोर उभा करू.

त्याला ऑफिसात सगळे घार म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण त्याच्या कानावर जाईल इतपत सोय करूनच. "घार बसली का?" "आज कुणावर झडप?" त्याला राग यायचा नाही. उलट एखाद्या दिवशी कुणी म्हटलं नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बायकोने कधी त्याला देखणा म्हटलं नव्हतं, बापाने हुशार म्हटलं नव्हतं, साहेबाने शहाणा म्हटलं नव्हतं. जगाने त्याला दिलेलं हे एवढं एकच नाव होतं. ते त्याने सुटाबुटासारखं घासूनपुसून वापरलं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ऊन चढलं की खालून रबराचा वास यायचा आणि कागदांना चिकटायचा. जुने, हाताने काढलेले नकाशे तिथे गुंडाळ्या करून यायचे: इमारतींचे, पाइपांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे. पुढच्या खोलीतलं लांबलचक स्कॅनर एका बाजूने कागद गिळायचं आणि दुसऱ्या बाजूने तसाच्या तसा ओकायचं. मग कागदाचा फोटो पडद्यावर यायचा. पण फोटोतली रेघ ही रेघ नसते. ती नुसती काळ्या ठिपक्यांची रांग. तिला धरता येत नाही, हलवता येत नाही, ओढून लांब करता येत नाही. म्हणून त्या करड्या फोटोवर एकेक रेघ नव्याने काढायची. मग ती खरी रेघ. तिला लांबी असते, जाडी असते, बोट लावलं की जागची हलते. कारखानेवाल्यांना तीच हवी असते, म्हणजे पुढे हवा तसा बदल करता येतो आणि यंत्राला सरळ भरवताही येते.

एक प्रोग्रॅम हे सगळं आपोआप करायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत. फक्त त्याला घडी आणि भिंत यातला फरक कळायचा नाही. ते वरचं तळं त्याचंच.

म्हणून रेघा काढायला माणसं, आणि त्या माणसांच्या मानगुटीवर बसायला हा. शेवटचं टेबल त्याचं. पडद्यावर खाली करडा फोटो, वर लाल रंगात नव्या रेघा. लालच्या आडून करडं कुठे डोकावलं की तिथे चूक. तिथे घार उतरायची. चूक करणाऱ्याला टेबलापाशी बोलावून, आवाज पुढच्या खोलीत जाईल अशा बेताने ती विचारायची, "ही रेघ काढताना तुम्ही कुठे होता?"

लोक त्याला पाण्यात पाहायचे. त्याला वाटायचं, भितात. दोन्ही खरं होतं.

—

मेहुणी त्याच्या घरी आली ती दोन बॅगा आणि एक उशी घेऊन. नवऱ्याशी पटलं नाही, एवढंच तिने सांगितलं. बायकोने मागची खोली तिला रिकामी करून दिली. त्या खोलीत त्याचा जुना ड्रॉइंग बोर्ड होता, तो गॅलरीत गेला आणि तिथे त्यावर कपडे वाळायला लागले. तो काही बोलला नाही. न बोललेलं तो कधी विसरायचा नाही.

तिने कॉम्प्युटरचं शिकून घेतलं, साहेबांना भेटली, आणि एके सकाळी त्याच्या टेबलासमोरच्या टेबलावर येऊन बसली. बोटं झरझर चालायची तिची. आणि जीभ बोटांच्या पुढे.

पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. त्याने पडद्यावर एका खिडकीचा कोपरा इतका मोठा केला होता की अख्खा पडदा त्या कोपऱ्यानेच भरला होता.

"भाऊजी, एवढं मोठं करून काय बघता? इतक्या जवळून हत्तीसुद्धा भिंत वाटेल."

पुढच्या खोलीतून हसू आलं. सगळ्यात मोठ्याने स्कॅनरवाला हसला.

"तुझं जाडंभरडं काम बघायचं तर जवळूनच बघावं लागतं," तो म्हणाला. पण हसून झालं होतं. उशिरा दिलेलं उत्तर कुणी मोजत नाही.

त्या दिवसापासून ठिणगी पडली ती पडलीच. घरातून निघताना दोघं एकाच उंबऱ्यावरून निघायची आणि फाटकाबाहेर फुटायची: तो दुकानांच्या बाजूने, ती भिंतीच्या बाजूने. जेवताना बोलणं बायकोमार्फत.

"तुझ्या बहिणीला सांग, माझ्या लाल पेन्सिलीला हात लावायचा नाही."

"ताई, भाऊजींना सांग, मला पेन्सिल लागत नाही. आम्ही पडद्यावर काम करतो हल्ली."

"मी काय टपालपेटी आहे का?" बायको म्हणायची आणि ताटं उचलायची. तिने दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपलं कधी काही सांगितलं नाही. निदान त्याला तरी नाही.

—

आता डोळे. हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून इथे हळू आवाजात.

आधी दिव्याभोवती केसाळ कडी आली. मग पायऱ्यांच्या कडा विरघळल्या. मग एका सकाळी आरशात दाढी करताना त्याला स्वतःच्या डाव्या गालाऐवजी एक उजळ पट्टा दिसला. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर कागदावर लिहितात, आणि लिहिलेलं कुणाच्या तरी हाती लागतं.

मग चुका कशा सापडायच्या त्याला? आकड्यांनी. पडदा मोठा केला की आकडे अजून वाचता यायचे, आणि आकडे खोटं बोलायला लागले की त्याला वासच यायचा. भिंतीच्या तुकड्यांची बेरीज पूर्ण भिंतीएवढी हवी. भोकांमधली अंतरं जोडली की पट्टीची लांबी यायला हवी. नाही आली की तो खुर्चीत मागे रेलायचा, डोळे बारीक करायचा आणि पडद्याच्या बरोब्बर त्या जागेवर बोट ठेवायचा. लोकांना वाटायचं, काय नजर आहे! नजर नव्हतीच, बेरीज होती. जे आकड्यात नव्हतं ते त्याच्यासाठी आता कागदावरही नव्हतं.

हे त्याला कळत होतं का? कळत होतं. जेवढं कळत होतं तेवढा तो खेकसायचा.

—

साहेब पेपरमिंट चघळत बोलायचे, त्यामुळे वाईट बातमीलाही त्यांच्या तोंडून चांगला वास यायचा.

त्यांनी दोघांना आत बोलावलं. नवा प्रोग्रॅम येतोय, म्हणाले, आधीच्यापेक्षा शहाणा. मग हाताने रेघा काढणारे इतके लागणार नाहीत. बाकीचे साफसफाईला, म्हणजे प्रोग्रॅमने केलेली घाण निपटायला. तपासणीला मात्र माणूसच हवा. एक. "खुर्ची एकच राहणार," ते म्हणाले आणि पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं.

"ती माझीच आहे," तो म्हणाला.

"आहे ना. आज आहे." साहेबांनी मेहुणीकडे पाहिलं. "पंपाच्या कारखान्याचं मोठं काम आलंय. रेघा हिच्या, तपासणी तुमची. हिच्या कामात तुम्हाला काही सापडलंच नाही, तर मग तपासायला तुम्ही कशाला हवेत? ही स्वतःचं स्वतः तपासते असं म्हणायचं. आणि सापडत राहिलं, तर तुम्ही हवेतच. सरळ हिशेब."

"सरळ म्हणजे, साहेब, तुम्ही आमची झुंज लावताय," मेहुणी म्हणाली.

"लावतोय कुठे? लागलेलीच आहे. मी फक्त तिकीट काढून बसतोय." मग ते एकदम गंभीर झाले. "आणि घरातली भांडणं इथे आणू नका. इथली हवी तर घरी न्या."

बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "भाऊजी, मला ही खुर्ची हवी आहे. तोंडावर सांगते. मला वेगळी खोली घ्यायची आहे, तुमच्या घरातून निघायचं आहे."

"मग नीघ की. खुर्ची कशाला लागते त्याला?"

"लागते," ती म्हणाली.

त्याला काय लागत होतं ते तो बोलला नाही. खुर्ची गेली तर उद्यापासून तो कोण? साफसफाईच्या टेबलावर बसलेला, पडद्याला नाक लावणारा एक माणूस. तिथे बेरीज चालत नाही, तिथे फक्त दिसावं लागतं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

—

ढगांचं सांगायला हवं.

त्या धंद्यात एक रिवाज आहे. जुन्या कागदावर काही समजलं नाही तर अंदाजाने काढायचं नाही, आणि दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. जुन्या माणसाने चूक केली असेल तर ती चुकीसकट उतरवायची. फक्त त्या जागेभोवती एक गुबगुबीत, ढगासारखी रेघ फिरवायची. ढग म्हणजे: इथे मला शंका आहे, विचारा. तो ढग बघून तपासणारा कारखान्याला विचारतो, उत्तर आलं की ढग पुसतो.

मेहुणीने कधी हातात कंपास धरला नव्हता, कधी शाई सांडली नव्हती. जुन्या कागदांवरच्या जुन्या खुणा तिला परक्या. म्हणून पंपाच्या कामाच्या पहिल्या कागदावर तिने ढग घातले. भरपूर घातले. आणि बरोबरच केलं.

तो उठून उभा राहिला. तिच्या कागदाची प्रिंट त्याने दोन्ही हातांनी उंच धरली, पुढच्या खोलीला दिसेल अशी.

"अगं, पावसाळा लागला का? एवढे ढग कशाला? साहेब, छत्र्या मागवा!"

हसू. स्कॅनरवाला तर खोकलाच.

"विचारणं चूक आहे का, भाऊजी?"

"विचारणं चूक नाही. पण तुला काय कळलं नाही ते दाखवण्यापेक्षा काय कळलं ते दाखवत जा. कमी जागेत मावेल."

तिचा चेहरा कसा झाला ते त्याला दिसलं नाही. दिसलं असतं तर आवडलं असतं.

त्यानंतरच्या कागदांवर एकही ढग आला नाही. आकाश निरभ्र. शंका आली की ती स्वतःशीच काय ते ठरवायची आणि पुढे सरकायची. त्याला हा आपला विजय वाटला.

—

झाकणाचा कागद त्याच्या टेबलावर आला ती सकाळ ढगाळ होती, म्हणजे बाहेरची. खिडकीतून येणारा उजेड अगदी पातळ.

पंपाच्या गिअरबॉक्सवर बसणारं झाकण. साधा भाग. बाहेरची कड, बोल्टांची भोकं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाणारी मोठी गोलाई. त्याने आकडे घेतले. बोल्टांची अंतरं जोडली, बरोबर आली. उलट्या बाजूने जोडली, पुन्हा बरोबर. जाडी, रुंदी, कडेपासूनचं अंतर. सगळं चोख. त्याने आकडे खोटे ठरवण्यासाठी जंग जंग पछाडलं. एका बोल्टाच्या भोकाभोवती त्याने इतका वेळ घालवला की शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवून परत आला.

"सापडतंय का काही?" समोरून तिने विचारलं.

"सापडेल."

"घाई नाही."

आता त्या मोठ्या गोलाईच्या मध्याशी काय होतं, ते नीट बघू, कारण त्याने बघितलं नाही.

गोलाई काढायची तर कंपासची सुई कागदात रोवावी लागते. सुई उचलली की कागदाला बारीक टोच पडते. पुन्हा त्याच मध्यावर यावं लागलं तर ती टोच सापडायला हवी, म्हणून जुने नकाशेवाले तिच्याभोवती पेन्सिलीने, हाताने, एक छोटंसं वेडंवाकडं वर्तुळ काढून ठेवायचे. ते यंत्राचं काही नसतं. ती काढणाऱ्याची स्वतःसाठीची खूण. त्याने स्वतः अशी वर्तुळं आयुष्यभर काढली होती. लग्नाआधी एकदा सिनेमाच्या तिकिटावरसुद्धा, सवयीने.

मेहुणीला ते वर्तुळ आणि त्यातला ठिपका दिसला. भोक, तिला वाटलं. बाकीच्या भोकांसारखंच, फक्त लहान. ढग घालायची सोय राहिली नव्हती. तिने तिथे नीट, गोल, खरंखुरं भोक काढलं.

पडद्यावर खाली करडं वर्तुळ होतं, लहान मुलाने काढल्यासारखं. वर लाल वर्तुळ, अगदी रेखीव. धड डोळे असलेल्या कुणालाही दिसलं असतं की लालच्या चारी बाजूंनी करडं बाहेर आलंय, विस्कटलेल्या केसांसारखं. त्याला दुधात एक गोल दिसला. गोलावर गोल. आकडा नाही. आकडा नाही म्हणजे त्याच्यापुरतं काहीच नाही.

ज्या एका चुकीसाठी त्याने उजवा हात तोडून दिला असता, ती त्याच्या नाकाखालून शीळ घालत निघून गेली.

त्याने लाल पेन्सिलीने प्रिंटवर सही केली. तपासले. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"या खेपेला नशिबाने वाचलीस."

"नशीब तपासायचं काम तुमचं नाही, भाऊजी," ती म्हणाली आणि पुढचा कागद उघडला.

—

झाकण परत आलं ते गोणपाटात गुंडाळून. कारखान्याचा फोरमन ते स्वतः घेऊन जिना चढला. त्याने ते साहेबांच्या टेबलावर असं आदळलं की पेपरमिंटचा डबा खाली पडला.

"हे घ्या तुमचं भोक."

साहेबांनी दोघांना हाक मारली.

"पंप चालू केला," फोरमन सांगत होता, "आणि माझ्या माणसाच्या तोंडावर तेल. गरम. जरा वाकलेला असता तर डोळाच गेला होता. एक नाही, अशी सगळी झाकणं. शेड भरलीय."

"पण एवढं भोक पाडताना कुणाला...?" साहेब म्हणाले.

"कोण विचारणार? पूर्वी फिटर होता, तो कागद घेऊन माझ्याकडे यायचा, हे काय आहे म्हणून भांडायचा. आता तुमची फाइल सरळ यंत्राच्या पोटात जाते. त्याला भोक दिसलं, त्याने पाडलं. तुम्ही नाक काढलं असतंत तर त्याने नाक पाडलं असतं." त्याने बगलेतली गुंडाळी काढली. "हा मूळ कागद. आमच्या जुन्या झाकणांना असलं काही नाही. कुठून आणलंत?"

मेहुणीने कागद पसरला. तिचं बोट त्या छोट्या वर्तुळाशी जाऊन थांबलं. "हे," ती म्हणाली. "इथे आहे की. वर्तुळ आहे, मध्यही आहे."

तेव्हा त्याने तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

डोळ्यांची त्याला गरजच पडली नाही. अंगठा फिरवला, कागद उलटा केला, आणि मागच्या बाजूला नखाला ती कड लागली: सुई आरपार गेल्यावर वर येते ती, तांदळाच्या कणीएवढी. त्याच्या अंगात वीज चमकली. किती दिवसांनी! चूक, जिवंत, तिची, सगळ्यांसमोर, आणि त्याच्या अंगठ्याखाली.

"ही टोच आहे," तो म्हणाला. आवाज पुढच्या खोलीत जाईल असा बेत आपोआप जमला. "कंपासची टोच. भोक कसलं डोंबलाचं! मध्य हरवू नये म्हणून काढणाऱ्याने भोवती खूण केलीय. ज्याने बोर्डावर उभं राहून कंबर मोडून घेतलीय त्याला हे झोपेत कळतं. ज्यांनी नुसता माऊस घासला त्यांना भोकंच दिसणार."

फोरमनने मान हलवली. "असंच असणार. आमचा म्हातारा नकाशेवालाही करायचा असं."

साहेबांनी मेहुणीकडे पाहिलं. झालं, त्याला वाटलं. खुर्ची.

ती शांत होती. शांत माणसाची त्याला नेहमीच चीड यायची.

"तुम्हाला झोपेत कळतं," ती म्हणाली.

"कळतंच."

"आणि जागेपणी, भाऊजी? हा कागद तुमच्या टेबलावर दुपार उलटेपर्यंत पडला होता, तेव्हा?"

खालच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. ते भरून झाल्याचं ऐकू आलं.

"सही कुणाची आहे यावर?" फोरमनने विचारलं.

"ह्यांची," मेहुणी म्हणाली. "साहेब, मी चुकले. मला ही खूण माहीत नव्हती. मला शंका आली असती तरी मी ढग घातला नसता, कारण ढग घातले की इथे छत्र्या मागवतात. ते असो. मी चुकले, आणि मी चुकले असं म्हणते. पण ह्यांच्या नजरेतून आजवर काही गेलं नाही. तुम्हीच सांगता सगळ्यांना. मग हे कसं गेलं? माझी चूक इथे टेबलावर पकडली असती तर एक लाल खूण झाली असती. कारखान्यात जाऊन फुटली की माझं नावच पुसलं जातं. भाऊजी, तुम्हाला दिसलं नाही, की बघून गप्प बसलात?"

मग साहेब खाली वाकले, डबा उचलला, आणि त्यांना सुचेल तेवढ्या माणुसकीने बोलले.

"नजरचूक असेल हो. नजरचूक कुणाची होत नाही? म्हणा ना तसं. थोडे दिवस साफसफाईला बसा, विश्रांती द्या डोळ्यांना. मग बघू."

विश्रांती. डोळ्यांना. तो शब्द त्याला गरम तेलासारखा लागला.

त्याच्यासमोर तीन चेहरे होते आणि दाराशी आणखी गोळा झालेले. एकाचंही नाक त्याला धड दिसत नव्हतं. नुसते उजळ लंबगोल, त्यावर गडद डाग. ते सगळे वाट बघत होते. तीन शब्द पुरे होते: मला दिसलं नाही. खरे शब्द. ते बोलला की नोकरी राहणार होती, पगार राहणार होता, आणि घार जाणार होती. उद्या सकाळी स्कॅनरवाला त्याच्या तोंडासमोर बोटं नाचवून विचारणार होता, सांगा किती? मेहुणी जेवताना म्हणणार होती, ताई, भाऊजींचा हात धरून मिठापर्यंत ने.

आणि दुसरी वाट? त्या वाटेवर तो नीच ठरत होता. पण डोळस.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय?" फोरमन.

"दिसलं होतं. पहिल्या नजरेत. टोच आहे हे कळलं, हिने भोक काढलंय हे कळलं. जाऊ दिलं. म्हटलं, आपटू दे तोंडावर." बोलता बोलता ते त्याला खरं वाटायला लागलं. त्याला तो क्षणसुद्धा आठवला, जो झालाच नव्हता: लालच्या आडून डोकावणारं करडं, स्वच्छ, धारदार, आणि त्याची पेन्सिल मुद्दाम त्यावरून पुढे गेलेली. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही. कधी सुटलेलं नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

"माझ्या माणसाचा डोळा गेला असता," फोरमन म्हणाला. हे तो ओरडून बोलला नाही. एक पाऊल मागे सरकला फक्त, घाणीपासून सरकतात तसा.

साहेबांनी पेपरमिंट तोंडातून काढून कागदात गुंडाळलं. याआधी त्यांना तसं करताना कुणी पाहिलं नव्हतं.

"सामान घ्या," ते म्हणाले. "आत्ता."

"खुर्ची?" त्याने विचारलं. का विचारलं, त्याला कळलं नाही.

"तुम्हाला काय करायचंय खुर्चीचं?"

मेहुणी झाकणाकडे बघत होती. तिने हसावं असं त्याला वाटत होतं; हसली असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. तिने फक्त गोणपाट पुढे ओढून झाकणावर घातलं, जेवण उरल्यावर भांडं झाकावं तसं.

त्याने टेबलावरची पेन्सिल, रबर, जाड काचेची पट्टी डब्यात भरली. पुढच्या खोलीतून जाताना कुणी बाजूला झालं, कुणी झालं नाही. स्कॅनरवाला पुटपुटला, "साप आहे, साप." त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. साप. चालेल. सापाला डोळे असतात.

जिना त्याने पायाने चाचपडत उतरला, पण पाठ ताठ ठेवून. खाली टायरवाल्याने नमस्कार केला. कुणाचा आहे ते न कळून त्याने दुकानाच्या फळीकडे बघून मान हलवली. रस्त्यावर उन्हाने सगळं धुऊन पांढरं करून टाकलं होतं. दुकानांची कड कुठली, भिंतीची कड कुठली, त्याला चटकन ठरवता येईना. तो मधोमध चालू लागला, आणि मागून येणारी गाडी शिव्या देत त्याला वळसा घालून गेली.

त्या दिवसाच्या आधीच्या थंडीत, गॅलरीत कपडे वाळत घालताना, बायकोने धाकट्या बहिणीला सांगितलं होतं की ह्यांना आता जवळजवळ दिसत नाही, ते कुणाला कळू देत नाहीत, तर ऑफिसात तू जरा सांभाळून घे.